बॅथर्स्ट २०२३ : शेवटचे काही मीटर

क्रॉस कंट्री आवडत असेल तर २०२३ च्या जागतिक स्पर्धेतली महिलांची शर्यत शोधून बघाच. ऑस्ट्रेलियातलं बॅथर्स्ट, कार रेसिंगसाठी प्रसिद्ध माउंट पॅनोरमा. अंतर १० किलोमीटर. चढ, चिखल, अगदी द्राक्षांच्या मळ्यातूनही वाट! आणि वर फेब्रुवारीचं ऑस्ट्रेलियन ऊन.

इथिओपियाची लेतेसेनबेत गिडे आघाडीवर होती. १०,००० मीटरचा विश्वविक्रम तेव्हा तिच्याच नावावर. शेवटच्या टप्प्यात केनियाची बिॲट्रिस चेबेट मागून सुसाट आली. फिनिश लाइन अगदी समोर असताना गिडेचे पाय लटपटले आणि ती गवतावर कोसळली. चेबेट पुढे निघून गेली, वेळ ३३:४८. गिडेला कुणीतरी धावत येऊन उठवलं. पण धावताना बाहेरची मदत चालत नाही, त्यामुळे ती बाद ठरली. नियम बरोबरच आहे, तरी जीव हळहळतो.

चेबेटच्या विजयाला मात्र नशीब म्हणू नका. अंतर तिनेच कापत आणलं होतं. २०२४ ला बेलग्रेडमध्ये ती पुन्हा विश्वविजेती झाली आणि त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५,००० आणि १०,००० मीटर, दोन्ही सुवर्णपदकं तिचीच.