बारावीचे जीवशास्त्र मालवणच्या खाडीत

बारावीच्या जीवशास्त्रातील पाण्याचे शोषण, प्रजनन, परिसंस्था आणि जैवविविधता हे विषय मालवणच्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष पाहता येतात.

परासरण: खाऱ्या चिखलात साध्या रोपाच्या मुळांतले पाणी बाहेर ओढले जाते आणि रोप सुकते. खाडीकाठची खारफुटीची झाडे मात्र तग धरतात. त्यांपैकी कांदळाची मुळे बहुतेक मीठ बाहेरच अडवतात. तिवर ते पानांवरील क्षारग्रंथींतून टाकतो. ऊन चढले की त्याच्या पानांवर मिठाचे बारीक कण चमकतात.

श्वसन: दलदलीत ऑक्सिजन नाममात्र असतो. म्हणून तिवर आणि चिप्पी या खारफुटींची श्वसनमुळे चिखलातून सरळ वर येतात. ओहोटीला त्यांवरील सूक्ष्म छिद्रांतून हवा आत शिरते.

प्रजनन: कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. शेवग्याच्या शेंगेसारखे लांब, हिरवे रोप फळातून लोंबते. गळल्यावर ते चिखलात रुतते किंवा भरतीबरोबर तरंगत दूर जाते.

परिसंस्था: गळलेली पाने जिवाणू आणि बुरशी कुजवतात. तो पाला खेकडे व कोळंबी खातात आणि त्यांना मासे. ही अपरद अन्नसाखळी.

सहजीवन: सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रातील प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल अन्न पुरवते, प्रवाळ आसरा देतात. पाणी जास्त तापले की प्रवाळ हे शैवाल गमावून पांढरे पडतात. याला विरंजन म्हणतात.

संवर्धन: १९८७ मध्ये येथे २९.१२ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राच्या राज्य खारफुटी वृक्षाचा मान मिळाला.