जुन्या स्कॉर्पिओचा बूस्ट

महिंद्राने 2002 मध्ये आणलेल्या, नाशिकला तयार झालेल्या स्कॉर्पिओच्या 2.6 लिटर डिझेल इंजिनात टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारे यंत्र, मुळातच होते. या हवेचा वातावरणाहून जादा दाब म्हणजे बूस्ट. एक्झॉस्टचा काही भाग टर्बोला बगल देऊन सोडणारी वेस्टगेट ही झडप उशिरा उघडेल असे केले की बूस्ट वाढतो, मात्र जोडीने डिझेल वाढल्याशिवाय अश्वशक्ती फारशी वाढत नाही, आणि ते प्रमाणाबाहेर गेले की काळा धूर निघून इंजिन तापते. दाबलेली हवा गरम होते, आणि त्याच दाबाची गरम हवा थंड हवेपेक्षा विरळ असते. हिमायतनगरसारख्या गावाच्या, चाळीस अंश ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात, ही हवा थंड करणारी इंटरकूलरची जाळी धुळीने तुंबलेली असेल, तर वाढवलेला बूस्ट बराचसा वायाच जातो. म्हणून जाणता मेकॅनिक झडपेला हात लावण्याआधी जाळी झाडतो, हवेचा चिरलेला होज बदलतो आणि क्लिप आवळतो. पुष्कळदा हरवलेली ताकद तिथेच सापडते.