बीए की बीएस्सी?

बारावीचा निकाल लागला आणि शेजारची पोरगी गुणपत्रिका घेऊन आमच्या ओट्यावर आली. "चाचा, बीए करू की बीएस्सी?" तिचे अब्बा मध्येच म्हणाले, "बीए तो कोई भी करता." मी स्वतः बीए. चहाचा घोट घेतला आणि गप्प बसलो.

खरं सांगायचं तर मीही बीए निवडलं नव्हतं. बारावी सायन्सला भौतिकशास्त्रानं हात दाखवला, म्हणून उरलं ते घेतलं. मराठीची गोडी नंतर लागली.

आमच्या गावाचं नाव धावडा. त्याच नावाचं झाडही आहे. त्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात घालतात. बीएस्सीचा विद्यार्थी विचारील, हे झाड अर्जुन-हिरड्याच्या कुळातलं कसं? खोडाला जखम झाली की डिंक का पाझरतो? बीएचा विद्यार्थी विचारील, डिंक गोळा कोण करतं, त्याला भाव किती मिळतो, गावांना झाडांची नावं का पडतात? झाड एकच. पोरीला विचारलं, यातला कुठला प्रश्न रात्री झोपताना आठवेल? ती म्हणाली, "डिंक का पाझरतो."

मग व्यवहाराचं बोललो. बारावी सायन्सवाल्याला बीए करता येतं. आर्ट्सवाल्याला बीएस्सीचं दार सहसा बंद असतं. यूपीएससीच्या नागरी सेवेला, एमपीएससीच्या राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते. वनसेवेला मात्र वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र असे ठरावीक विषय किंवा शेती, इंजिनीअरिंगची पदवी लागते. सहावी ते आठवीच्या शिक्षकांच्या टीईटीतही गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं अशा दोन वाटा आहेत. वकिली दोघांनाही खुली. आणि अब्बांसाठी मुद्दाम सांगितलं, बाबासाहेब आंबेडकर 1912 साली अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बीएच झाले होते. ते हसले, पण ऐकू लागले.

खरी अडचण पुढंच होती. बीए घरी वाचून होतं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची सोय 1989 पासून आहे. बीएस्सीला प्रयोगशाळा लागते, परीक्षानळी काही घरी आणता येत नाही. प्रॅक्टिकल लांबलं आणि गाडी चुकली, तर मुलगी परतणार कशी? असं दोनदा झालं की शिक्षणच थांबतं, हे मी गावात पाहिलंय. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय?

म्हणून तिला सांगितलं, अर्ज भरण्याआधी कॉलेजात जाऊन प्रॅक्टिकलच्या वेळा लिहून आण, मग स्टँडवर परतीच्या गाड्या विचार. अब्बा थोडा वेळ बोलले नाहीत. मग पोरीला म्हणाले, "कल मैं भी आता."