परदेशची कमाई आणि घरचे विवरणपत्र

नोव्हेंबर २०२४ मधील एका रविवारी, दुसरी मिस्सा आटोपून मी बाहेर आलो तेव्हा खानापूर तालुक्यातील आमच्या भागातले एक गृहस्थ आपल्या वृद्ध मातोश्रींसह दाराशी उभे होते. कुवेतमध्ये अकरा वर्षे नोकरी करून ते २० ऑगस्ट २०२२ रोजी कायमचे घरी परतले होते आणि आता बेळगावात एका कारखान्यात कामाला जात होते. त्यांच्या मोबाईलवर आयकर खात्याचा संदेश आला होता: आपले परदेशात खाते असल्याची माहिती मिळाली आहे, आपले विवरणपत्र तपासून पाहावे. मातोश्रींनी रात्रभर डोळा लावला नव्हता. "फादर, माझ्या मुलाला धरून नेतील का हो?" एवढेच त्या पुन्हा पुन्हा विचारीत होत्या.

शहरातील एका जाणकाराने त्यांना आधीच सल्ला दिला होता की तिकडचे खाते बंद करावे, पैसा कोणाच्या तरी हाती आणवावा आणि मौन पाळावे. असा सल्ला ऐकला की मला रागही येतो आणि कीवही. आज शंभराहून अधिक देश बँकखात्यांची माहिती एकमेकांस कळवितात. खाते बंद केल्याने मागील वर्षांची नोंद पुसली जात नाही. शिवाय त्या वर्षी असे संदेश अनेकांना गेले होते. त्यात आरोप नव्हता, केवळ सूचना होती.

मी त्यांस म्हटले, "पासपोर्ट घेऊन या." वाचकांस नवल वाटेल, परंतु या साऱ्या प्रश्नाची किल्ली पगाराच्या पावतीत नसून पासपोर्टावरील शिक्क्यांत आहे. आपला कायदा प्रथम विचारतो, की १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तुम्ही भारतात किती दिवस होता? नोकरीसाठी परदेशी गेलेला किंवा तेथून भेटीस आलेला भारतीय नागरिक १८२ दिवसांहून कमी काळ येथे राहिला, तर तो सामान्यपणे अनिवासी ठरतो, आणि परदेशात केलेल्या कामाचा तेथेच मिळालेला पगार येथे करपात्र होत नाही. (भारतातील उत्पन्न पंधरा लाखांच्या वर असणाऱ्यांना २०२० पासून अधिक कडक नियम आहेत, आमच्या वाड्यावस्त्यांत असे लोक विरळाच.) १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा २०२५ चा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, दिवस मोजण्याचे तत्त्व त्यातही कायम ठेवलेले आहे.

आम्ही टेबलाशी बसून मोजू लागलो. २० ऑगस्ट २०२२ पासून पुढच्या ३१ मार्चपर्यंत २२४ दिवस भरले. म्हणजे परतल्या वर्षीच ते रहिवासी झाले. तथापि येथे कायद्याने परत येणाऱ्याला थोडी सवलत दिली आहे, ती फारशी कोणास ठाऊक नसते. मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे जो अनिवासी होता, किंवा मागील सात वर्षांत मिळून ज्याचा येथील मुक्काम ७२९ दिवसांहून अधिक नाही, तो रहिवासी असूनही 'सामान्यतः रहिवासी' समजला जात नाही. अशा माणसाला परदेशातील ठेवीचे व्याज येथे करास दाखवावे लागत नाही आणि परदेशातील मालमत्तेचा तक्ताही भरावा लागत नाही. अपवाद एवढाच, की परदेशातील धंदा येथून चालविला जात असल्यास त्याचे उत्पन्न मात्र धरले जाते. आमच्या गृहस्थांना ही सवलत २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही वर्षी लागू होती. ज्या कुवेतच्या खात्यासाठी मातोश्रींची झोप उडाली होती, त्याबाबत त्या वेळेपर्यंत काहीच चुकले नव्हते.

चूक निघाली ती दुसरीकडेच, आणि ती घरच्या बँकेत! त्यांची बचत येथील एन.आर.ई. ठेवीत होती. या ठेवीचे व्याज करमुक्त असते, पण ते परदेशी राहणाऱ्यासाठी. कायमचे परत आल्यावर बँकेस कळवून खाते रहिवाशाचे करून घ्यावयाचे असते. यांनी दोन वर्षे ते कळविलेच नव्हते आणि व्याजही कोठे दाखविले नव्हते. शिवाय जुलैमध्ये त्यांनी भरलेला 'सहज' फॉर्म त्यांच्यासाठी नव्हताच. जो सामान्यतः रहिवासी नाही त्याला तो चालत नाही.

पहिल्या वर्षीचे उत्पन्न व्याजासह करपात्र मर्यादेच्या आत होते. दुसऱ्या वर्षीचे सुधारित विवरणपत्र दुसऱ्या क्रमांकाच्या फॉर्मवर भरले. त्याची मुदत त्या वेळी रहिवाशांसाठी १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढविण्यात आली होती. पगार आणि व्याज मिळून सात लाखांच्या आत असल्याने नव्या पद्धतीप्रमाणे कर शून्य निघाला. एवढ्यासाठी त्या माउलीने रात्र जागून काढली होती!

परंतु २०२४-२५ या वर्षी सवलत संपली. दहापैकी अनिवासी वर्षे आता आठच उरली, आणि दरवर्षीची सुमारे ४५ दिवसांची रजा धरून सात वर्षांचा मुक्काम ८१५ दिवस झाला. तेव्हापासून कुवेतमधील व्याजही येथे दाखवावयाचे आणि परदेशी मालमत्तेचा तक्ताही भरावयाचा. तो तक्ता १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या इंग्रजी वर्षाचा असतो: वर्षातील सर्वांत मोठी शिल्लक, अखेरची शिल्लक, मिळालेले व्याज. हा तक्ता न भरल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांच्या दंडाची तरतूद आहे. जमीन व घर सोडून एकूण मालमत्ता वीस लाखांच्या आत असेल, तर १ ऑक्टोबर २०२४ पासून तो दंड लागत नाही. मात्र माहिती देण्याचे कर्तव्य त्याने टळत नाही.

जहाजावरील आमच्या मुलांविषयीही दोन शब्द. परदेशी जहाजावर काम करणाऱ्या अनिवासी खलाशाचा पगार येथील एन.आर.ई. खात्यात जमा झाला, एवढ्याच कारणाने तो करपात्र होत नाही, असे खात्याने २०१७ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले आहे. धोका निराळाच आहे. पुढचे कंत्राट लांबते, मुलगा नाताळासाठी राहतो, मग बहिणीचे लग्न निघते, आणि पाहता पाहता १८२ दिवस भरतात. मग त्या वर्षीचा जहाजावरील पगारही येथे मोजावा लागतो. इंग्लंडसारख्या देशात, जेथे कर कापला जातो, तेथे भरलेल्या कराची वजावट येथे मागता येते. कुवेत वा दुबईत पगारावर करच नसल्याने वजावटीचा प्रश्न उद्भवत नाही.

आणि माउल्यांनो, मुलाने घरखर्चास पाठविलेला पैसा हे तुमचे उत्पन्न नव्हे. त्याची ठेव तुमच्या नावे केलीत, तर तिचे व्याज मात्र तुमचे.

त्या गृहस्थांनी कुवेतचे खाते बंद केलेले नाही. दर जानेवारीत ते तेथील बँकेकडून वर्षाचे विवरण मागवितात आणि जुन्या पासपोर्टासह एका पत्र्याच्या डब्यात ठेवितात. डब्याची किल्ली मातोश्रींच्या कमरेला असते.