कोणते रकाने, कोणत्या क्रमाने?

सरकारी अर्ज भरताना 'आडनाव' या रकान्यापाशी माझा हात थबकतो. आमच्या घरात आडनाव लावण्याची रीत नाही. आपले नाव आणि पुढे वडिलांचे, एवढेच. माझ्या एका दाखल्यावर त्यामुळे वडीलच आडनाव होऊन बसले. ते दुरुस्त करायला मला बरेच खेटे घालावे लागले.

हे रकाने आता संगणकात आहेत. तिथेही माहिती तक्त्यातच असते. तक्त्यांची ही कल्पना आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. १९७४ साली तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी तक्त्याला प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल.

तिचा पहिला शब्द 'सिलेक्ट', म्हणजे निवडा. त्यापुढे हवे ते रकाने लिहायचे, मग 'फ्रॉम' आणि तक्त्याचे नाव. ज्या क्रमाने रकाने लिहाल, त्याच क्रमाने यादी येते; मूळ तक्ता जागचा हलत नाही. रकान्यांऐवजी नुसती चांदणी टाकली तर सगळेच रकाने येतात. हजेरीसाठी नावे हवी असताना पत्ता, जात, मोबाइल क्रमांकही बाहेर पडतात. म्हणून मोजकेच मागावे. ओळी अकारविल्हे हव्या असतील, तर 'ऑर्डर बाय' वेगळे सांगावे लागते.

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव यावे. आईच्या नावाचा रकाना तक्त्यात असेल, तर आज्ञेतला क्रम बदलला की काम झाले. मात्र नोंद भरताना रकान्यांची नावे न सांगता जुन्याच क्रमाने माहिती ओतली, तर आईचे नाव वडिलांच्या जागी जाऊ शकते. दोन्ही अक्षरेच असल्याने संगणक तक्रार करत नाही. आणि आईचे नाव टिपलेच नसेल, तर कोणतीही आज्ञा ते आणून देणार नाही.

म्हणून खरी निवड 'सिलेक्ट'च्या आधीच, तक्ता आखताना होते. आईला रकाना द्यायचा आणि आडनाव नसलेल्याला तो रिकामा ठेवू द्यायचा, हे माणसानेच ठरवायचे असते. संगणक फक्त सांगितलेले ऐकतो.