दिव्यांग उमेदवारांसाठी अप्रेंटिसशिप: करारावर सही करण्यापूर्वी (दुर्ग–भिलाई)

नोकरी मागायला गेले की अनुभव विचारतात, आणि अनुभव मिळण्यासाठी आधी कुणीतरी काम द्यावे लागते. ही अडचण सगळ्याच तरुणांची आहे. दिव्यांग उमेदवाराला त्यावर ‘तुम्हाला हे जमेल का?’ हेही ऐकावे लागते. अप्रेंटिसशिप, म्हणजे काम करत करत शिकणे, हा यातला एक मार्ग आहे.

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ कर्मचारी असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. म्हणजे फक्त बीएसपीच्या जाहिरातीची वाट पाहू नका. हथखोजच्या औद्योगिक क्षेत्रातले मध्यम कारखाने, रुग्णालये, दुकाने, कार्यालये यांतही जागा असू शकतात. किमान वय १४ वर्षे आहे, धोकादायक उद्योगांसाठी १८.

कागदपत्रे

यूडीआयडी कार्ड किंवा दिव्यांगत्व प्रमाणपत्र हवे. दुर्ग–भिलाईतल्या अनेक मराठी कुटुंबांचे कागद नागपूर, गोंदिया किंवा भंडाऱ्याचे असतात. ते चालतात: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५८ नुसार हे प्रमाणपत्र देशभर वैध आहे. बँक खाते आधारशी जोडलेले ठेवा. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र सरकार थेट खात्यात जमा करते. उरलेली रक्कम मालक देतो.

इथले फॉर्म हिंदीत असतात. त्यात ‘शिक्षु’ म्हणजे शिकाऊ उमेदवार आणि ‘अनुबंध’ म्हणजे करार. मराठीत ‘अनुबंध’ म्हटले की नात्यागोत्याचे काहीतरी वाटते, त्यामुळे हा शब्द डोळ्यांखालून सहज निसटतो. पण सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच आहे.

करार का पाहायचा?

‘आधी दोन महिने येऊन काम दाखवा, मग बघू’ असे कुणी म्हटले तर ती अप्रेंटिसशिप नव्हे. कायद्यानुसार आधी लेखी करार व्हायला हवा आणि त्याची नोंदणी व्हायला हवी. उमेदवार अल्पवयीन असेल तर पालकाची सही लागते. नोंद नसेल तर योजनेतले विद्यावेतन नाही आणि शेवटी प्रमाणपत्रही नाही. नोंद झाली की काही गोष्टी तुमच्या बाजूने उभ्या राहतात. किती नग तयार केले यावर पैसे ठरवता येत नाहीत (कलम १३). म्हणजे हात थोडा हळू चालतो म्हणून विद्यावेतन कमी करता येणार नाही. प्रशिक्षणादरम्यान कामामुळे इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट समजून घ्या. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही, करारात तशी अट असेल तरच आहे. सरकारी नोकरीतले ४ टक्के आरक्षण हा वेगळा विषय आहे.

सोयी मागून घ्या

२०१६ च्या कायद्यात ‘वाजवी सोय’ ही कल्पना आहे: मालकावर अवाजवी बोजा न टाकता करता येईल असा आवश्यक बदल. तो कामानुसार ठरतो. शॉपमध्ये क्रेन हलताना भोंगा वाजतो. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी चमकणारा दिवा हवा आणि सूचना लेखी हव्यात. दृष्टिहीन उमेदवाराला संगणकावर पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर लागेल. व्हीलचेअर वापरणाऱ्याला तळमजल्यावरची जागा आणि आत जाता येईल असे शौचालय. बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर एका वेळी एकच सूचना, आणि रोज तोच शिकवणारा माणूस. अशा मागण्यांना बऱ्याचदा फारसा खर्च येत नाही, पण रुजू झाल्यावर मागायला संकोच वाटतो. म्हणून सही करण्याआधीच लिहून द्या आणि पोच घ्या.

२० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या समान संधी धोरणात या सोयींचा आणि संपर्क अधिकाऱ्याचा उल्लेख असावा, असे २०१७ च्या नियमांत आहे. ते धोरण दाखवा, असे विचारायला हरकत नाही.

आधी कौशल्यच शिकायचे असेल तर

छत्तीसगडच्या २०१३ च्या कायद्याने १४ ते ४५ वयाच्या प्रत्येकाला कौशल्य प्रशिक्षण मागण्याचा हक्क दिला आहे. अर्ज केल्यापासून ९० दिवसांत संधी मिळायला हवी. अर्ज जिल्हा कौशल्य विकास प्राधिकरणाकडे करा आणि तारखेची पोच जपून ठेवा, कारण ९० दिवस तिथूनच मोजले जातात. दिव्यांगत्वाशी संबंधित मूल्यांकन आणि मार्गदर्शनासाठी शेजारच्या राजनांदगावला केंद्र सरकारचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे.

अप्रेंटिसशिपसाठी नोंदणी अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर होते. कराराबाबत वाद झाला तर अप्रेंटिसशिप सल्लागाराकडे, आणि दिव्यांगत्वावरून भेदभाव झाला तर राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते.