जुन्या मोटारी आणि जुने भिंग

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या किनाऱ्यावर पेबल बीच नावाचे रमणीय ठिकाण आहे. तेथे १९५० सालापासून जुन्या मोटारगाड्यांचा मेळावा भरत आला आहे. आता तो ऑगस्ट महिन्यात गोल्फच्या हिरवळीवर भरतो. परीक्षक प्रत्येक गाडी बारकाईने तपासतात आणि हौशी लोक कॅमेरे घेऊन सभोवार फिरतात.

त्या मेळाव्याशी आपल्या मराठी माणसांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. २०१२ साली तेथे भारतीय महाराजांच्या गाड्यांचा खास विभाग होता. २०१८ साली ब्रिटिश अमदानीतील भारतात वापरलेल्या गाड्या पुन्हा मांडल्या गेल्या. आणि महाराजांच्या गाड्यांचा विषय निघाला की इंदूरच्या होळकरांचे नाव निघतेच. दुसरे यशवंतराव होळकर महाराज यांनी १९३५ च्या सुमारास अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या ड्यूझेनबर्ग कंपनीची गाडी घेतली. इंजिन अमेरिकेचे, वरचा साज लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याचा, रंग केशरी आणि काळा. कंपनीने या जातीच्या इंजिनाची शक्ती ३२० अश्वशक्ती सांगितली होती. १९३७ साली कंपनी बंद पडली. महाराजांची गाडी मात्र पुढे अमेरिकेत परत गेली आणि तेथील संग्राहकांनी ती जिवापाड जपली.

याच महाराजांची आणि महाराणी संयोगिताराजे यांची छायाचित्रे मॅन रे या प्रसिद्ध अमेरिकन कलावंताने काढली होती. माणसाचा चेहरा टिपावा तसा गाडीचाही टिपता येतो. त्यासाठी आज पुष्कळ हौशी मंडळी एक जुने, जरा विक्षिप्त भिंग वापरतात. त्याची ओळख करून घेऊ.

रशियाचे हेलिओस

या भिंगाचे नाव हेलिओस ४४. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जर्मनीतील झाइस कंपनीने बायोटार नावाचे भिंग बनविले होते. युद्धानंतर तीच रचना सोव्हिएत रशियाने उचलली. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात १९५८ पासून हेलिओस तयार होऊ लागले. झेनिट कॅमेऱ्याबरोबर ते लाखोंनी खपले, म्हणून आजही ते स्वस्तात मिळते. त्याचे आटे ४२ मिलिमीटर व्यासाचे असतात. मध्ये एक साधी कडी बसविली की ते आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर चालते.

यात आपोआप काही होत नाही. फोकस हाताने कडे फिरवून साधावा लागतो. उजेड कमीजास्त करण्यासाठी ४४-२ या प्रकारात आणखी दोन कडी आहेत. कडे पुरते उघडून एफ २ वर ठेवले की या भिंगाची गंमत दिसते. मधली वस्तू स्पष्ट येते आणि मागची पाने व उजेडाचे ठिपके भोवऱ्यासारखे गोल फिरल्यासारखे भासतात. तिरपा येणारा प्रकाश भिंगाच्या नळीच्या कडांनी थोडा अडतो. त्यामुळे मध्यभागी गोल दिसणारा ठिपका कडेला लिंबासारखा लांबट होतो. हे लांबट ठिपके मध्याभोवती रांगेने मांडल्यासारखे दिसतात. शास्त्राच्या दृष्टीने हा दोष आहे, पण रसिकांना तोच आवडतो.

गाडी कशी टिपावी

सबंध गाडी चौकटीत घ्यायची तर बरेच मागे जावे लागते आणि मग भोवरा नाहीसा होतो. म्हणून अवयव निवडावा: दिवा, रेडिएटरवरची मूर्ती, कंपनीचे बोधचिन्ह, चालकाचे चक्र. सुमारे एक मीटर अंतरावर उभे राहावे. गाडीच्या पाठीमागे पाच-सहा मीटरवर झाडी असली तर उत्तम. इतक्या जवळून जेमतेम तीन-चार सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. तेव्हा दिव्याची काच धरावी की मागचा पत्रा, हे आधीच ठरवावे. फोकस साधल्यावर कड्याशी झटापट न करता अंग किंचित पुढेमागे झुकवावे आणि चित्र नेमके झाले की कळ दाबावी. सूर्य समोर असला तर चित्रावर पांढुरकी झाक येते. भिंगावर हाताची सावली धरावी. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात कडा कापल्या जातात, त्यामुळे भोवरा कमी दिसतो. कडे एफ ५.६ च्या पुढे नेले की भोवरा जातो आणि चित्र सरळ, स्वच्छ येते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा उपयोग आहे.

घरची गाडी

पेबल बीचच्या मेळाव्यात मागे माणसांची गर्दी आणि दोरखंड असतात. ते भोवऱ्यात विरून गेले तर बरेच. आपल्या बेटावर गोष्ट निराळी आहे. एखाद्या घरी आजोबांची जुनी मॉरिस किंवा ऑस्टिन छपराखाली झाकून ठेवलेली असेल. तिच्या मागे जे दिसते ते घर, ते अंगण, ते उसाचे शेत हासुद्धा कुटुंबाचा इतिहासच आहे. भोवऱ्याचे चित्र मोहक येईल, पण ते अंगण त्यात उरणार नाही.

म्हणून दोन छायाचित्रे घ्यावीत. पहिले हौसेसाठी, एफ २ वर. दुसरे एफ ८ वर, दूर उभे राहून, नंबराची पाटी, घर आणि घरची माणसे यांच्यासह. गाडी विकण्यापूर्वी किंवा नवा रंग देण्यापूर्वीच हे काम उरकावे. पेबल बीचलाही जीर्णोद्धार न केलेल्या, जुन्या रंगाच्या गाड्यांसाठी वेगळा विभाग असतो. वयाच्या खुणा तेथे मोलाच्या मानतात, मग आपण त्या पुसण्याची घाई का करावी?

चित्र कागदावर छापून घ्यावे. गाडी कोणत्या साली घेतली, कोणी चालविली, तिच्यातून कोणाची वरात निघाली हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाठीमागे लिहावे. होळकरांच्या गाडीची कथा जगाने लिहून ठेवली आहे. आपल्या आजोबांच्या गाडीची कथा आपणच लिहिली नाही, तर ती कोण लिहिणार?